पट नऊ, त्यातला एक तुमचा

वाचकाचं पत्र

"मी राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. आमची जिल्हा परिषदेची मराठी शाळा पहिली ते पाचवी, पट नऊ. गेल्या वर्षी मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. दोन शिक्षक होते. त्यातले एक बदली होऊन आपल्या जिल्ह्यात, घाटावर गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. उरलेले गुरुजी पाच इयत्ता एकटे बघतात. आता ऐकू येतंय की आमची शाळा गावठाणातल्या शाळेत समायोजित करणार. ती अडीच किलोमीटरवर आहे, मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा, आणि त्याच्यावर जुना साकव, फळ्यांचा पूल. माझा मुलगा दुसरीत आहे. मालक मुंबईला असतात. ते आणि जाऊबाई दोघंही म्हणतात, त्याला तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला घाल, व्हॅन नाक्यापर्यंत येते. मी त्याला काढला तर आठ राहतील आणि माझं बघून आणखी दोघं जातील. लोक म्हणतील, अध्यक्षच पळाली. नाही काढला तर पोराचं नुकसान मी केलं असं होईल. वाडीतले काहीजण सुचवतात की मुंबईला असलेल्या भावकीतल्या मुलांची नावं पटावर घालू. मी काय करू?"

— एक आई

ताई,

आधी मुलाचं बोलू, शाळेचं मागाहून. तुम्ही हे दोन प्रश्न एका गाठोड्यात बांधलेत, म्हणून ते उचलत नाहीये.

शाळेचा पट टिकावा म्हणून मुलाला त्या शाळेत ठेवू नका. मी तेहेतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, याच जिल्ह्यात, आणि तरीही हेच सांगते. सात वर्षांच्या पोराच्या खांद्यावर वाडीच्या शाळेचा वासा द्यायचा नसतो. पण लोक म्हणतात म्हणून, किंवा व्हॅन नाक्यावर येते म्हणून, त्याला उचलून तालुक्यालाही पाठवू नका. तो आत्ता काय शिकतोय हे तुम्ही स्वतः बघा आणि मग ठरवा.

बघायचं कसं? आज रात्री जेवणं आटोपली की त्याला त्याच्या पुस्तकात नसलेला एखादा सोपा मजकूर द्या. जुन्या बालभारतीतला चालेल, तुम्ही वहीवर स्वतः लिहिलेली चार-पाच वाक्यं तर उत्तमच. पुस्तकातला धडा देऊ नका, तो पाठ असतो आणि आपण फसतो. त्याला वाचू दे. अडला तर लगेच सांगू नका. वाचून झालं की विचारा, यात कोण होतं, कुठे गेलं, का गेलं. मग दोन अंकी बेरीज घाला, एक हातच्याची, एक बिनहातच्याची. दुसरीचं वर्ष सरेपर्यंत हातच्याची वजाबाकीही यायला हवी, आत्ता ऑगस्टात नाही आली तरी चालेल. एवढ्या अर्ध्या तासात तुम्हाला जे कळेल ते कुठल्याही प्रगतिपुस्तकात लिहिलेलं नसतं.

नंतर आणखी एक करा. वाडीतलं किंवा शेजारच्या वाडीतलं जे मूल त्या व्हॅनने जातं, त्याच्याशी गोडीने बोला. त्याला त्याच्या इंग्रजी पुस्तकातलं वाचायला सांगा आणि त्याचा अर्थ मराठीत विचारा. वाचता आलं आणि अर्थही सांगता आला, तर ती शाळा खरंच शिकवते. नुसतं घडाघडा वाचलं आणि अर्थ विचारल्यावर गप्प बसलं, तर महिन्याचे पैसे कशाचे जातात ते तुमचं तुम्हालाच दिसेल. मी दोन्ही प्रकारची मुलं पाहिली आहेत. इंग्रजी माध्यमाला माझा विरोध नाही. घरात ज्या भाषेत कुणी बोलत नाही, त्या भाषेत पहिलीदुसरीचं गणित शिकणाऱ्या मुलाचे कसे हाल होतात हे मात्र मी पाहिलंय. माध्यम बदललं की शिक्षण आपोआप चांगलं होतं, हा आपल्याकडचा फार महाग समज आहे.

तुमच्या मालकांना एक सांगा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून जे कोकण विभागीय मंडळ झालं, ते दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. त्यातली कितीतरी मुलं अशाच वाडीवरच्या मराठी शाळांतून वर गेलेली असतात. दहावी पास होणं म्हणजे सगळं नव्हे, हे मलाही कळतं. पण वाडीची शाळा म्हणजे वाया गेलेलं पोर, असं जे मुंबईत बसून वाटतं ते खरं नाही.

आता माझं मत. मुलाला वाचता येत असेल, बेरजा जमत असतील, तर या वर्षी त्याला हलवू नका. पाऊस चालू, वर्ष चालू, अशात तर नाहीच. येत नसेल, तर गुरुजींकडे जा. भांडायला नको, वही घेऊन जा. एकट्या माणसाने पाच इयत्ता सांभाळायच्या म्हणजे काय, ते मी भोगलंय. एका वर्गाला फळ्यावर शब्द, दुसऱ्याला गणित, तिसऱ्याला चित्र, आणि तेवढ्यात पोषण आहाराचा तांदूळ आला म्हणून सही. महिन्यातून एकदा केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असली की त्या दिवशी शाळा कुणी बघायची? निवडणुकीचं आणि जनगणनेचं काम तर कायद्यानेच शिक्षकाला लावता येतं. गुरुजींना विचारा, माझ्या मुलासाठी घरी मी काय करू? जे शिक्षक खरे असतात ते या प्रश्नाने खूश होतात. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाट बघा, पुन्हा तीच परीक्षा घ्या. तोपर्यंत सुधारणा नाही आणि दुसरा शिक्षकही नाही, असं झालं, तर जूनमध्ये मुलाला दुसरीकडे घाला. मनात काही न ठेवता घाला.

आणि दुसरीकडे म्हणजे लगेच व्हॅन, असंही नाही. ज्या गावठाणातल्या शाळेत तुम्हाला समायोजित करणार म्हणतात, तिथे एकदा जाऊन बसा. वर्गात किती मुलं, किती शिक्षक, सेमी इंग्रजी आहे का, ते बघा. कदाचित तीच शाळा तुमच्या मुलासाठी या तिघांत चांगली निघेल. मग तुमचं भांडण त्या शाळेशी उरणार नाही, मधल्या पऱ्याशी उरेल. ते वेगळ्या तऱ्हेने लढायचं असतं.

मुलाला काढायची वेळ आलीच, तर अध्यक्षपदाचा राजीनामा आधी द्या, दाखला नंतर मागा. समितीतले पालक त्या शाळेतल्या मुलांचे पालक असावे लागतात, त्यामुळे पद तसंही राहणार नाही. पण ओळीने केलं की लोकांना बोलायला जागा राहत नाही, आणि तुम्हालाही वाडीतून मान वर करून चालता येतं.

इथपर्यंत आईचं झालं. आता अध्यक्षांशी बोलते.

पहिली गोष्ट, पट का घसरला याचा दोष तुम्ही कुणाच्या माथी मारू नका, गुरुजींच्या नाही, स्वतःच्या तर नाहीच. २००१ ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ ला ती १६,१५,०६९ झाली. राज्य वाढत होतं आणि आपला जिल्हा आटत होता. सिंधुदुर्गाचंही तेच. त्याच जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ बायका निघाल्या, कारण पुरुष मुंबईला. तुमच्या समितीच्या बैठकीला कोण येतं ते आठवा. बायका आणि म्हातारे. घरं आहेत, अंगणं सारवलेली आहेत, गणपतीत उभं राहायला जागा नसते, पण जूनमध्ये पहिलीला घालायला मूल नाही.

शासनाकडून काय काय आलं, तेही एकदा नीट समजून घ्या. म्हणजे कार्यालयात गेल्यावर कुणी तुम्हाला शब्दांत गुंडाळणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा समायोजित करायचं ठरलं होतं. मग सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपर्यंत पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अनेक लहान शाळा मिळून एक मोठी शाळा, करता येतील का, याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचं उदाहरण त्यात दिलं होतं. त्यानंतर १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आला. संचमान्यता म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक द्यायचे त्याचा हिशेब. त्यात वीसपर्यंतच्या पटाला एक नियमित शिक्षक, आणि दुसरा नेमायचा तर शक्यतो निवृत्तांमधून, असं ठरलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंत्राटी शिक्षकाचा निर्णय झाला, शिक्षक रस्त्यावर उतरले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे गेला. सहावी ते आठवीच्या लहान वर्गांना तर याच हिशेबात पदच मिळेना, आणि डोंगराळ भागात त्याचा मार सगळ्यांत जास्त बसला. म्हणून तुमच्याकडे दुसरे गुरुजी आले नाहीत. ही कुणा एका साहेबाची मर्जी नाही. पण साहेबाला काहीच करता येत नाही असंही नाही. कामगिरीवर, म्हणजे दुसऱ्या शाळेतून तात्पुरता, शिक्षक देता येतो, देतात. मागणी लेखी आणि सतत असेल तिथे आधी देतात, हा माझा अनुभव आहे.

कायदा काय म्हणतो? २००९ चा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं लिहिलेलं आहे. राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. अधिकारी तुम्हाला त्याच नियमातली वीस मुलांची अट दाखवतील, दाखवू देत. तुम्ही त्यांना पुढचं दाखवा. जिथे वाट अवघड आहे, दरडीची, पुराची भीती आहे, तिथे लहान मुलांचा धोका टळेल अशा तऱ्हेने शाळा ठेवायची आहे, आणि लांब पाठवायचं असेल तर वाहनाची सोय करायची आहे. तुमची सगळी लढाई या एका मुद्द्यावर उभी करा. "आमची शाळा वाचवा" एवढंच म्हणू नका. "पऱ्यापलीकडे आमची मुलं जुलैत कशी जाणार ते लेखी द्या" असं म्हणा.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. निवृत्तीच्या तीन वर्षं आधी मी ज्या शाळेत होते, तिचा पट चारवर आला. समायोजनाचा अहवाल माझ्याच हाताने लिहिला गेला. अंतर मोजायला माणसं आली ती एप्रिलच्या शेवटी. पऱ्या कोरडा ठणठणीत होता, दगडांवरून उड्या मारत आम्ही पाच मिनिटांत पार झालो. मीही त्यांच्याबरोबर होते. "मुलांना अडचण येणार नाही" या वाक्याखाली माझी सही आहे. मला त्या वेळी एवढंच वाटलं की नवी शाळा मोठी आहे, शिक्षक चांगले आहेत, पोरांना सोबती मिळतील. आणि ते खोटं नव्हतं. पण जुलै आला. चारांतली दोन भावंडं आईबरोबर विरारला गेली. एक मुलगा मामाकडे राहायला गेला. उरली एक मुलगी, तिसरीतली. तिचे आजोबा दमेकरी, तिला पऱ्यापार करून द्यायला कुणी नव्हतं. जुलै आणि ऑगस्ट मिळून ती मोजून अकरा दिवस शाळेत गेली. वाहतूक भत्ता कागदावर मंजूर होता, हातात पडला तो शाळा सुटल्यावर, मे महिन्यात. ती मुलगी हुशार होती. तिचं वाचन त्या एका पावसाळ्यात मागे पडलं ते पुढे कधी नीट सावरलं नाही. मी एप्रिलच्या वाटेवर सही केली, जुलैची वाट मी मोजून घ्यायला हवी होती. हे मला आजही खातं, म्हणून तुम्हाला इतकं लांबण लावून सांगतेय.

तर तुमच्याकडे आत्ता पावसाळा आहे, हे तुमचं बळ आहे. पाऊस जोरात लागेल त्या दिवशी, शाळेच्या वेळेला, दोन मोठी माणसं बरोबर घेऊन वाडीपासून गावठाणातल्या शाळेपर्यंत चालत जा. मुलांना नेऊ नका. किती वेळ लागला ते लिहा. साकवाच्या फळ्या किती सुटल्यात, कठडा आहे का, पाणी फळीपासून किती खाली आहे, वाटेत दरड कुठे सुटते, कुठे जंगल लागतं, सगळं लिहा आणि फोनवर चित्रीकरण करा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, खेडात पोसऱ्याला आणि महाडात तळियेला दरडी आल्या, हे सगळ्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आहे. अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात, पण पऱ्या भरायला इशारा लागत नाही. वर डोंगरात तासभर पडला की खाली फळीला पाणी लागतं.

मग समितीची बैठक लावा. समिती महिन्यातून एकदा बसली पाहिजे असा नियमच आहे, आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका असतात. तुमच्याकडे तर बायकाच आहेत, तेव्हा कोरमची काळजी नाही. इतिवृत्तात तीन गोष्टी स्वच्छ लिहून घ्या: दुसरा शिक्षक हवा, निदान कामगिरीवर, पाहणी पावसाळ्यात आणि पालकांसमोर व्हावी, समायोजन करायचंच असेल तर पहिल्या दिवसापासून वाहन आणि बरोबर एक मोठं माणूस, आणि साकवाची दुरुस्ती त्याआधी. ठरावाची प्रत केंद्रप्रमुखांना, गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना द्या. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. तोंडी बोलून येऊ नका. "बघतो ताई" हे वाक्य कुठल्याही फायलीत लागत नाही.

१५ ऑगस्टच्या सुमाराला ग्रामसभा होईल. तिच्याआधी महिला सभा घ्यावी लागते, हे पुष्कळ गावांत विसरतात. तुम्ही विसरू देऊ नका. ग्रामसेवकांकडे आधीच विषय लेखी द्या, महिला सभेत ठराव करा आणि तो ग्रामसभेत वाचायला लावा. साकवासाठी पैसा मागायची जागाही तीच. शाळेपुरता प्रश्न ठेवला तर नऊ घरांचा राहतो. साकव म्हटलं की रेशन आणणारे, दूध घालणारे, बाळंतीण नेणारे, सगळे तुमच्या बाजूने उठतात.

कुणी दादच दिली नाही, तर २००९ च्या त्याच शिक्षणाच्या कायद्याच्या ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते. तीन महिन्यांत तिचा निकाल द्यावा लागतो. त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. वकील लागत नाही. आणि समायोजनाचा प्रस्ताव खरंच गेलाय की नुसती नाक्यावरची चर्चा आहे, हे कळत नसेल तर माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवस. प्रस्तावाची, अंतर मोजल्याच्या अहवालाची आणि संचमान्यतेची प्रत मागा. मला तर वाटतं हे सगळ्यांत आधी करा. अफवेच्या भीतीने पालक मुलं काढतात, मुलं गेली की पट पडतो, आणि अफवा खरी होते. मी दोन शाळा अशा संपताना पाहिल्या, दोन्हींचा प्रस्ताव मुलं गेल्यावर झाला होता.

आता मुंबईच्या मुलांची नावं. ताई, हे अजिबात करू नका. तुमच्या सहीने तर नकोच. ऑक्टोबर २०११ मध्ये अख्ख्या राज्यात एकाच वेळी पटपडताळणी झाली ती असल्या नावांमुळेच. आता तर संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर आणि आधार जुळलेल्या नावांवर होते. तिथल्या शाळेत नाव असलेलं मूल इथे दिसूच शकत नाही, आणि दिसलं तर गुरुजींची नोकरी धोक्यात येईल. ज्या माणसाने एकट्याने तुमची नऊ पोरं सांभाळली त्याला आपण खड्ड्यात घालायचं का?

त्याऐवजी खरी मुलं शोधा. तुमच्या आसपास आंब्याच्या बागा असतील, तिथे राखणीला नेपाळी कुटुंबं असतात. चिरेखाणीवर कर्नाटकातून, घाटावरून आलेले मजूर असतात. रस्त्याच्या कामावर पालं पडलेली असतात. त्यांची पाचसहा वर्षांवरची किती मुलं दिवसभर खाणीच्या काठावर बसलेली असतात, ते बघून या. त्यांच्याकडे जन्माचा दाखला नसला तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि वय जेवढं असेल त्या वर्गात बसवावं लागतं. आधार नसेल तर संचमान्यतेत ते मूल धरायला अडचण येते, हे खरं. म्हणजे पटाचा फायदा होईलच असं नाही. तरी आणा. ती मुलं आपल्या हक्काने येतात, आपल्या पटासाठी नाही. माझ्या एका वर्गात बागेवरच्या राखणदाराची मुलगी होती, दिवाळीपर्यंत तिने मराठीत कविता म्हटली. आणि अंगणवाडीतली किती मुलं पुढच्या जूनला पहिलीत येणार, ती यादी अंगणवाडीताईंकडून आजच घ्या आणि ठरावाला जोडा. पुढच्या तीन वर्षांचा पट दिसला की अधिकाऱ्यालाही वर लिहायला काहीतरी मिळतं.

गणपतीत चाकरमानी येतील, वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळाची बैठक होईल. नेहमीप्रमाणे कुणीतरी शाळेला रंग द्यायचं, टीव्ही द्यायचं काढेल. त्यांचे उपकार मानून सांगा की रंग पुढच्या वर्षी. या वर्षी वाडीतल्या एखाद्या डी.एड. झालेल्या मुलीला किंवा निवृत्त शिक्षकाला मंडळाने महिन्याला काही मानधन द्यावं, रोज दोन तास पहिलीदुसरीची मुलं घ्यायला. समितीचा ठराव आणि केंद्रप्रमुखांची परवानगी घेऊन हे करता येतं. आपल्याकडे डी.एड. होऊन घरी बसलेल्या मुली काही कमी नाहीत. मालकांना ही मागणी मंडळात मांडायला सांगा. मुलाचं भलं व्हावं हीच त्यांची इच्छा आहे ना, मग त्यासाठी इथे काय करता येतं ते त्यांच्या हातात द्या. तुमची अर्धी भांडणं त्याने मिटतील. जाऊबाईंशी वाद घालू नका, त्यांना त्या वाचनाच्या परीक्षेला शेजारी बसवा.

एवढं सगळं करूनही शाळा समायोजित होऊ शकते. तुम्ही कमी पडलात म्हणून नाही. नऊ मुलांच्या शाळेचंही एक दुःख असतं, कबड्डीला दोन संघ होत नाहीत, चौथीतल्या मुलीला बरोबरीची मैत्रीण नसते. वाहन दारात येत असेल, साकव पक्का झाला असेल, पलीकडे तीन-चार शिक्षक असतील, तर मी त्या बदलाच्या विरोधात उभी राहणार नाही, आणि तुम्हीही राहू नका. मात्र आधी वाहन, मग कुलूप.

आणि तशी वेळ आली तर बाकं, कपाटं, टीव्ही कुठे जातात त्यापेक्षा जनरल रजिस्टर कुठे जातं ते बघा. शाळा सुरू झाल्यापासून वाडीत कोण कोण शिकलं, त्याची जन्मतारीख, जात, बापाचं नाव, सगळं त्यात आहे. जातपडताळणीला, वारसाला, पेन्शनला लोक तेच शोधत येतात. माझ्या त्या शाळेचं रजिस्टर हलवताना दोन गठ्ठ्यांतला एक ओलीला लागला. आजही कुणी दाखल्यासाठी फोन करतं तेव्हा मला सांगावं लागतं की तुमच्या आजोबांचं पान त्या गठ्ठ्यात होतं. तुमचं रजिस्टर गुरुजींकडून आत्ताच काढून घ्या, वाळवा, पानापानाचे फोटो समितीतल्या दोघीतिघींच्या फोनमध्ये ठेवा, आणि कव्हर घालून कपाटात वरच्या फळीवर परत ठेवा. शाळा राहिली तरी हे काम करायचंच आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज आणि दुसऱ्या शिक्षकाच्या मागणीचा ठराव, दोन्हींचा मसुदा मी टपालाने वेगळा पाठवते आहे. नावं आणि तारखा तुम्ही भरा. ठराव दिल्यावर केंद्रप्रमुख काय म्हणाले आणि मुलाने ती पाच वाक्यं कशी वाचली, दोन्ही कळवा.